एकट्या पेशीचा स्राव चिपवर मोजताना: इलेक्ट्रोडचा पदार्थ कसा निवडावा आणि कसा पारखावा

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील क्रोमॅफिन पेशी उद्दीपित झाली की तिच्यातील अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन यांनी भरलेल्या पुटिका (पेशीतल्या सूक्ष्म पिशव्या) पेशीपटलाशी एकरूप होतात आणि आतला ऐवज बाहेर सोडतात. एका पुटिकेचा व्यास साधारण ०.३ मायक्रोमीटर असतो आणि ती रिकामी व्हायला काही मिलिसेकंद पुरतात. हे रेणू सहज ऑक्सिडीकृत होतात, म्हणून पेशीला चिकटून ठेवलेल्या इलेक्ट्रोडवर पुरेसे धन व्होल्टेज दिले तर प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन जातो आणि विद्युतधारेच्या आलेखावर एक टोकदार शिखर उमटते. एक शिखर म्हणजे एक पुटिका, हा या तंत्राचा पाया आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मार्क वाइटमन यांच्या गटाने १९९० आणि १९९१ मध्ये कार्बन तंतूच्या इलेक्ट्रोडने तो घातला. पुढे मिसुरी विद्यापीठात केविन गिलिस यांच्या गटाने आणि कॉर्नेल विद्यापीठात मॅनफ्रेड लिंडाऊ यांच्या गटाने हे मोजमाप चिपवर आणण्याचे मोठे काम केले.

कार्बन तंतूने काम उत्तम होते, पण एका वेळी एकाच पेशीवर, आणि तेही सूक्ष्मदर्शकाखाली तंतू हाताने पेशीला टेकवून. दिवसभर बसून दहा-पंधरा पेशींच्या चांगल्या नोंदी मिळाल्या तरी तो दिवस चांगला गेला असे मानावे लागते. चिपवर अनेक इलेक्ट्रोड एकदम छापता येतात आणि पेशी त्यांच्यावर येऊन बसतात. मात्र इथे कार्बन तंतूसारखा तयार पर्याय नसतो. कोणता पदार्थ वापरायचा, किती जाडीचा, कशावर बसवायचा आणि कशाने झाकायचा, हे सारे स्वतः ठरवावे लागते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी हा क्रम लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनापासून सांगायची आहे. सर्वांत चांगला पदार्थ कोणता, हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो आणि तो तसा विचारल्याने वर्ष वाया जाऊ शकते. नुसता पदार्थ कधीच मोजमाप करत नाही. विशिष्ट आकाराचा, विशिष्ट आवरणातून उघडा ठेवलेला, विशिष्ट तारेने जोडलेला आणि विशिष्ट रीतीने धुतलेला पदार्थ मोजमाप करतो. म्हणून पेशी चिपजवळ आणण्याआधी आपल्या स्वतःच्या चिपची परीक्षा घेण्याची शिस्त ही पदार्थाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे, आणि या लेखाचा बराच भाग त्या परीक्षेविषयीच आहे.

पहिली पायरी: काय पाहायचे आहे ते ठरवा

सोडलेल्या रेणूंची संख्या मोजायची असेल तर शिखराखालचे क्षेत्रफळ, म्हणजे एकूण विद्युतभार, पुरेसा असतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब सरळ आहे: दर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरले तर १ पिकोकूलॉम म्हणजे सुमारे ३१ लाख रेणू. यासाठी फार वेगवान नोंद लागत नाही आणि नॉइज, म्हणजे धारेतली नकोशी थरथर, थोडा जास्त असला तरी चालते. याउलट, पुटिका पूर्ण उघडण्याआधी तिच्या अरुंद छिद्रातून होणारी बारीक गळती पाहायची असेल, तर शिखराच्या आधी दिसणारा लहानसा पायथा नॉइजमधून वेगळा काढावा लागतो. हा पायथा १९९२ मध्ये गॉटिंगन येथे चाऊ, फोन रूडन आणि एर्विन नेहर यांनी क्रोमॅफिन पेशींत दाखवला. त्याची उंची पुष्कळदा काही पिकोअँपिअर एवढीच असते, त्यामुळे इथे कमी नॉइजचा इलेक्ट्रोड ही चैन नसून गरज आहे.

तिसरा प्रश्न प्रकाशाचा. स्रावाच्या नोंदीबरोबरच त्याच पेशीचे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाने चित्रण करायचे असेल तर इलेक्ट्रोड पारदर्शक हवा, कारण अशा चित्रणात भिंग पेशीच्या खाली असते आणि प्रकाश इलेक्ट्रोडमधूनच जातो. रेणू कोणता आहे हेही पाहावे. अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन थेट ऑक्सिडीकृत होतात. अ‍ॅसिटिलकोलीन आणि ग्लुटामेट तसे होत नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोडवर विकर (एन्झाइम) बसवावे लागते आणि तो विषय वेगळा आहे. या चार गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय पदार्थांच्या यादीकडे वळू नये.

दुसरी पायरी: पदार्थाची निवड

सोने आणि प्लॅटिनम यांच्यापासून सुरुवात करणे सोपे असते, कारण धातूचा थर बसवण्याची आणि फोटोलिथोग्राफीने (प्रकाशाने नकाशा छापण्याच्या पद्धतीने) त्याला आकार देण्याची सोय बहुतेक सूक्ष्मनिर्मिती प्रयोगशाळांत असते. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांनी बाहेरच्या संशोधकांसाठीही अशा सुविधा खुल्या केल्या आहेत, तेव्हा स्वतःची स्वच्छ खोली (क्लीन रूम) नाही म्हणून मागे हटू नये. दोन्ही धातू काचेवर नुसते टिकत नाहीत, म्हणून खाली टायटेनियमचा किंवा क्रोमियमचा ५ ते १० नॅनोमीटरचा धरणारा थर द्यावा लागतो. हा थर कडेला उघडा राहिला तर मिठाच्या द्रावणात तो झिजतो आणि धारेत संथ सरक दिसू लागते, म्हणून कडा नेहमी आवरणाखाली जाईल अशी रचना करावी. २००३ मध्ये गिलिस यांच्या गटाने सिलिकॉन चिपवर एकेका पेशीचा पुटिकागणिक स्राव मोजून दाखवला, आणि २००५ मध्ये लिंडाऊ यांच्या गटाने चार प्लॅटिनम इलेक्ट्रोडच्या मध्ये पेशी बसवली. प्रत्येक इलेक्ट्रोडकडे आलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणावरून पुटिका पेशीच्या पृष्ठभागावर नेमकी कुठे उघडली हे त्यांना काढता आले. धातूंची अडचण अशी की मोजमापाच्या व्होल्टेजच्या आसपास त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइड बनू लागते आणि प्रथिने व गंधकयुक्त रेणू त्यांना पटकन चिकटतात. त्यामुळे संवेदनशीलता तासातासाने घसरू शकते.

इंडियम टिन ऑक्साइड, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला आयटीओ, पारदर्शक आहे आणि त्याचा थर दिलेली काच तयार मिळते. स्पटरिंगचे, म्हणजे अणू उडवून थर बसवण्याचे, यंत्र नसलेल्या प्रयोगशाळेसाठी हा मोठाच आधार आहे: काचेवर फोटोरेझिस्टचा (प्रकाशाने बदलणाऱ्या लेपाचा) नकाशा काढायचा, उघडा आयटीओ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा आणि इलेक्ट्रोड तयार. क्रोमॅफिन पेशींसाठी हा पदार्थ चालतो हे मिसुरीच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. त्याचे दोन दोष मात्र लक्षात ठेवावेत. कॅटेकोलअमाइनांचे ऑक्सिडीकरण त्यावर कार्बनच्या तुलनेत हळू होते, म्हणून व्होल्टेज थोडे जास्त लागू शकते. आणि त्याची विद्युतवाहकता धातूपेक्षा पुष्कळ कमी असते. या दुसऱ्या दोषाचा हिशेब पुढे येईल, कारण तोच नवख्यांना फसवतो.

हिऱ्यासारखा कार्बन हा माझ्या मते या यादीतला सर्वांत विचार करण्याजोगा पर्याय आहे. ग्रॅफाइटच्या लक्ष्यावर आर्गॉन आणि नायट्रोजन यांच्या मिश्रणात मॅग्नेट्रॉन स्पटरिंग केले की काचेवर नायट्रोजनमिश्रित कार्बनचा पातळ, गुळगुळीत थर बसतो. रसायनाच्या दृष्टीने तो कार्बन तंतूच्या जवळचा असतो, त्यामुळे तंतूवरचा जुना अनुभव बराचसा उपयोगी पडतो, आणि पेशीही त्याला चांगल्या चिकटतात. पण या कार्बनची वाहकता फारच कमी असते. म्हणून तारेचे काम त्याच्यावर सोपवू नये; खाली आयटीओचा थर ठेवावा आणि कार्बन फक्त द्रावणाला भिडणाऱ्या तोंडाशी द्यावा. धारा मग कार्बनच्या जाडीतून आरपार जाते, लांबीतून नाही. ती जाडी सुमारे १०० नॅनोमीटर असल्याने रोध खटकत नाही.

बोरॉनमिश्रित हिऱ्याचा थर पार्श्वधारेच्या (मोजायचे रेणू नसतानाही वाहणाऱ्या धारेच्या) आणि टिकाऊपणाच्या बाबतीत फार चांगला आहे आणि त्यावर घाण बसण्याचे प्रमाणही कमी असते. इटलीतील तुरिन येथील गटाने अशा हिऱ्याच्या चिपवर क्रोमॅफिन पेशींचा स्राव नोंदवला आहे. परंतु हा थर वाढवायला बहुधा ७०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते, त्यामुळे साधी काच चालत नाही आणि नवख्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नये. पेडॉट-पीएसएस हा वाहक पॉलिमर द्रावणातून पसरवता येतो आणि त्यावरही एकट्या पेशीचा स्राव मोजता येतो, हे कॉर्नेल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. मात्र त्याची धारिता त्याच्या संपूर्ण आकारमानात साठते, म्हणून थर पातळ ठेवावा लागतो. फोटोरेझिस्टच जाळून बनवलेला कार्बन, ग्राफीन आणि नॅनोनळ्या हेही पर्याय आहेत. त्यांच्याकडे तुमच्या प्रयोगशाळेत आधीपासून हात बसलेला असेल तरच वळावे.

माझा सल्ला विचाराल तर तो असा आहे: चित्रण करायचे असेल तर आयटीओ, नसेल तर प्लॅटिनम किंवा सोने, आणि पहिल्या चिप समाधानकारक चालू लागल्यावर त्याच मास्कवर (नकाशाच्या साच्यावर) कार्बनचा थर देऊन तुलना. एकाच मास्कवरची तुलना प्रामाणिक असते, कारण आकार, तार आणि आवरण तेच राहते.

तिसरी पायरी: आकार आणि तारा

इथे थोडे आकडे मांडले तर पुढचे बरेच दिवस वाचतात. क्रोमॅफिन पेशीचा व्यास १५ ते २० मायक्रोमीटर असतो, म्हणून २० मायक्रोमीटर बाजूचा चौरस इलेक्ट्रोड पुरेसा वाटतो. त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस मायक्रोमीटर होते आणि पृष्ठभागाची धारिता दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोफॅराड धरली, तर एकूण धारिता ८० पिकोफॅराड येते. प्रवर्धकाच्या तोंडाशी दर हर्ट्‌झच्या वर्गमुळाला ५ नॅनोव्होल्ट इतका नॉइज धरला आणि २ किलोहर्ट्‌झपर्यंत नोंद केली, तर या धारितेमुळे सुमारे ०.१३ पिकोअँपिअर नॉइज येतो. पण नोंदीची मर्यादा १० किलोहर्ट्‌झ केली की तोच आकडा सुमारे अकरा पटींनी वाढतो, कारण हा नॉइज वारंवारतेच्या दीड घातानुसार वाढतो. म्हणून जितका वेग खरोखर हवा तितकाच ठेवावा, आणि इलेक्ट्रोड पेशीपेक्षा मोठा कधीच करू नये. पेशीबाहेर उघडे राहिलेले क्षेत्रफळ एकही रेणू पकडत नाही, फक्त नॉइज देते.

आता आयटीओच्या तारेकडे पाहू. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या काचेवर आयटीओचा रोध दर चौकोनाला (तारेच्या रुंदीइतक्या बाजूच्या तुकड्याला) १५ ओहमच्या आसपास असतो. तार २० मायक्रोमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब असेल तर तिच्यात ५०० चौकोन मावतात, म्हणजे एकूण रोध ७,५०० ओहम होतो. वेगाच्या दृष्टीने हा काहीच नाही. ८० पिकोफॅराडशी गुणल्यावर वेळ एका मायक्रोसेकंदाहूनही कमी येतो, आणि म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. पण या रोधाचा उष्णताजन्य नॉइज दर हर्ट्‌झच्या वर्गमुळाला सुमारे ११ नॅनोव्होल्ट असतो, म्हणजे प्रवर्धकाच्या नॉइजच्या दुप्पट, आणि तोही त्याच ८० पिकोफॅराडमधून धारेत उतरतो. महाग प्रवर्धक घेऊनही नोंद सुधारत नाही याचे कारण बऱ्याचदा इथेच दडलेले असते. उपाय सोपा आहे. इलेक्ट्रोडजवळची शेवटची मान तेवढी अरुंद ठेवावी आणि बाकीची तार २०० मायक्रोमीटर रुंद करावी, म्हणजे रोध जवळपास दहापट उतरतो. १०० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या तारेत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिचा रोध दर चौकोनाला एका ओहमपेक्षा कमी असतो.

सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करून पाहावा. सिलिकॉन वीजवाहक असते. त्यावर अर्धा मायक्रोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड आणि वर एक चौरस मिलिमीटरचा जोडणीचा तुकडा ठेवला, तर त्या तुकड्याचीच धारिता सुमारे ७० पिकोफॅराड होते, म्हणजे जवळजवळ इलेक्ट्रोडइतकी. काचेवर हा प्रश्न नाही. शिवाय सिलिकॉन प्रकाशाला प्रतिसाद देते, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावताच धारा उडी मारते. कोणतेही विशेष कारण नसेल तर काचच घ्यावी.

चौथी पायरी: आवरण

इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ ठरते ते धातूच्या कडेने नाही, तर आवरणातल्या खिडकीच्या कडेने. नेहमीचे आवरण म्हणजे एसयू-८ हा फोटोरेझिस्ट. काच आधी १५० अंशांवर निदान दहा-पंधरा मिनिटे तापवून कोरडी करावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करत असाल तर हे पाऊल कधीही गाळू नये, कारण ओलसर काचेवर एसयू-८ची पकड सुटते आणि द्रावण कडेखालून आत झिरपते. तसे झाले की पार्श्वधारा रोज थोडी थोडी वाढत जाते आणि खराबी पदार्थात आहे असा समज होतो.

एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या सोन्याच्या चिपवर सोळांपैकी अकरा इलेक्ट्रोड मुके होते. मी आठवडाभर सोन्यालाच दोष देत राहिलो. शेवटी मोठ्या भिंगाखाली तिरप्या प्रकाशात पाहिले तेव्हा खिडकीच्या आत इंद्रधनुषी रंगाचे एक पातळ वलय दिसले. विकसनात (नको तो फोटोरेझिस्ट विरघळवून काढताना) पूर्ण न धुतलेला एसयू-८चा पापुद्रा तो. विकसनाचा वेळ वाढवला आणि नंतर ऑक्सिजन प्लाझ्मात थोडा वेळ ठेवले, तेव्हा त्याच चिपवरचे नऊ इलेक्ट्रोड जिवंत झाले. तेव्हापासून प्रत्येक खिडकी तिरप्या प्रकाशात पाहिल्याशिवाय मी चिप पुढे नेत नाही.

पाचवी पायरी: स्वच्छता

सोने आणि प्लॅटिनम ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात व्होल्टेज पुढेमागे फिरवून स्वच्छ करता येतात. सोन्यावर ऑक्साइड उतरण्याचे टोक प्रत्येक फेरीत एकाच जागी आणि एकाच उंचीवर येऊ लागले म्हणजे पृष्ठभाग तयार झाला असे समजावे. आयटीओला मात्र आम्ल दाखवू नये आणि त्यावर फार ऋण व्होल्टेजही देऊ नये, तो झिजतो. त्यासाठी अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, शुद्ध पाणी आणि शेवटी ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा अतिनील किरण व ओझोन हा क्रम पुरतो. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे तीव्र मिश्रण, ज्याला प्रयोगशाळेत पिरान्हा म्हणतात, ते एसयू-८ असलेल्या चिपवर कधीही ओतू नये. सेंद्रिय पदार्थाशी त्याची अभिक्रिया भडकते आणि अपघात होऊ शकतो.

सहावी पायरी: पेशीशिवाय परीक्षा

ही पायरी सर्वांत मोठी आहे. तिच्यावर पूर्ण दोन दिवस खर्च झाले तरी ते वाया जात नाहीत.

आधी संदर्भ इलेक्ट्रोड तयार करावा. चांदीची तार बारीक सँडपेपरने घासून घरगुती ब्लीचच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटे बुडवली की ती जांभळट करडी होते. हा सिल्व्हर क्लोराइडचा थर सारखा दिसला पाहिजे, मधे चकाकणारी चांदी राहता कामा नये. चिपवरच चांदीचा संदर्भ छापण्याचा मोह सुरुवातीला टाळावा. सर्व इलेक्ट्रोडना मिळून द्रावणात बुडवलेली ही एक तार पुरते.

मग नुसते क्षारद्रावण घालावे: सोडियम क्लोराइड सुमारे १४५ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २ ते ५, मॅग्नेशियम क्लोराइड १ ते २, हेपीस (सामू स्थिर ठेवणारे रसायन) १० आणि सामू ७.३ च्या जवळ. इलेक्ट्रोडवर ०.७ व्होल्ट द्यावे आणि धारा शांत होईपर्यंत थांबावे. सुरुवातीला ती मोठी असते आणि हळूहळू उतरते. दहा ते वीस मिनिटांनंतरही उतार थांबला नाही तर कडेखाली गळती आहे किंवा पृष्ठभागावर घाण आहे, असे समजून मागच्या पायऱ्यांकडे जावे. स्थिर झाल्यावर निदान एक मिनिटाची नोंद घेऊन तिचा नॉइज काढावा आणि तिसऱ्या पायरीतल्या हिशेबाशी ताडून पाहावा. मोजलेला आकडा हिशेबाच्या दोन-तीन पटींत असेल तर ठीक. दहापट असेल तर ५० हर्ट्‌झचा घुसखोर आहे का हे आधी पाहावे. फॅराडे पिंजऱ्याचा दरवाजा, पंखा किंवा मोबाईलचा चार्जर हे नेहमीचे गुन्हेगार असतात.

नंतर डोपामिनची परीक्षा. १०० मायक्रोमोलर डोपामिन ताजे बनवावे. उदासीन द्रावणात ते हवेत ऑक्सिडीकृत होते आणि द्रावणाला आधी गुलाबी, मग तपकिरी छटा येते. छटा दिसली की ते फेकून द्यावे. व्होल्टेज ०.२ पासून ०.९ पर्यंत पायरीपायरीने वाढवून प्रत्येक ठिकाणी स्थिर धारा टिपावी. हा आलेख आधी चढतो आणि मग सपाट होतो. जिथे सपाट भाग सुरू होतो त्याच्या थोडे पुढचे व्होल्टेज त्या पदार्थासाठी निवडावे. कार्बन तंतूवर ०.७ चालते म्हणून आयटीओवरही तेच चालेल असे गृहीत धरू नये. उगाच जास्त व्होल्टेज दिल्याने पार्श्वधारा आणि नॉइज दोन्ही वाढतात.

सपाट भागातल्या धारेवरून क्षेत्रफळाचीही तपासणी होते. ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या सपाट गोल इलेक्ट्रोडवर या द्रावणात सुमारे २३० पिकोअँपिअर धारा यायला हवी. पण आपला इलेक्ट्रोड आवरणाच्या खड्ड्यात बसलेला असतो, आणि आवरण २ मायक्रोमीटर जाड असेल तर रेणूंना त्या खड्ड्यातून उतरावे लागते, म्हणून अपेक्षा सुमारे १५० पिकोअँपिअरची ठेवावी. मोजमाप याच्या आसपास आले तर पृष्ठभाग पूर्ण जिवंत आहे. निम्मे आले तर खिडकीचा निम्मा भाग झाकलेला आहे किंवा व्होल्टेज पुरे पडत नाही. कितीतरी जास्त आले तर आवरणाखाली द्रावण शिरले आहे. हा एकच आकडा इतके सांगून जातो म्हणून तो प्रत्येक इलेक्ट्रोडचा वहीत लिहून ठेवावा, आणि प्रयोगानंतर पुन्हा मोजावा. दोन आकड्यांतली घसरण हीच त्या पदार्थाच्या मळण्याची खरी नोंद असते. डोपामिन स्वतःच पृष्ठभागावर पॉलिमरचा पापुद्रा करते, म्हणून परीक्षा थोडक्यात आटोपावी आणि लगेच धुवावे. सेरोटोनिन तर त्याहून लवकर मळवते.

चित्रण करणार असाल तर याच टप्प्यावर, पेशी नसताना, प्रतिदीप्तीचा दिवा लावून-बंद करून धारा पाहावी. दिव्यासोबत उडी दिसली तर तिचा आकार आणि ती स्थिर व्हायला लागणारा वेळ नोंदवून ठेवावा, नाहीतर पुढे ती स्राव म्हणून मोजली जाईल.

सातवी पायरी: पेशी

आपल्याकडे ताज्या अधिवृक्क ग्रंथी मिळणे सर्वांना सोपे नसते. सुरुवातीसाठी डोपामिन सोडणाऱ्या पीसी-१२ पेशी सोयीच्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडाराकडे अशा पेशींसाठी विचारणा करता येते. त्यांच्या पुटिका लहान असतात, त्यामुळे शिखरेही क्रोमॅफिन पेशींच्या मानाने लहान दिसतात; पहिल्या नोंदीत निराश होऊ नये.

पेशी इलेक्ट्रोडला टेकलेली असणे का गरजेचे आहे हे प्रसरणाच्या वेळेवरून कळते. डोपामिनसारख्या रेणूला ०.२ मायक्रोमीटर जायला सुमारे ३० मायक्रोसेकंद पुरतात, १ मायक्रोमीटरला सुमारे ०.८ मिलिसेकंद लागतात आणि ५ मायक्रोमीटरला सुमारे २० मिलिसेकंद. म्हणजे पेशीच्या तळातून सुटलेली पुटिका टोकदार शिखर देते आणि बाजूने किंवा वरून सुटलेली पुटिका पसरट, बुटकी लाट देते. खोल, अरुंद खिडकीत पेशी बसवली तर भिंती रेणूंना अडवून अधिक भाग इलेक्ट्रोडकडे वळवतात, म्हणून मिसुरीच्या गटाने पेशीच्या मापाचे खड्डे असलेल्या चिप बनवल्या. पेशींचे विरळ द्रावण चिपवर घालून दहा मिनिटे स्थिर ठेवले की गुरुत्वाकर्षणाने त्या खाली बसतात. चिकटावे म्हणून पॉलिलायसिनचा थर द्यायचा असेल तर पातळ द्यावा आणि त्यानंतर डोपामिनची परीक्षा पुन्हा घ्यावी.

उद्दीपनासाठी सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालून केलेले, पोटॅशियम ६० ते १०० मिलिमोलर असलेले द्रावण पिपेटने हळूच सोडावे. आधी तीच पिपेट साध्या क्षारद्रावणाने भरून एकदा सोडून पाहावी. प्रवाहामुळे आधाररेषा हलते की नाही हे त्यावरून कळते.

आठवी पायरी: पहिली नोंद वाचताना

खरे शिखर चटकन चढते आणि सावकाश उतरते. एकाच नमुन्यापुरती उभी, दोन्ही बाजूंनी सारखी रेघ म्हणजे बाहेरचा विद्युत हस्तक्षेप. उद्दीपनाआधी शिखरे तुरळक आणि नंतर दाट असली पाहिजेत. कॅल्शियमविरहित द्रावणात तीच पेशी गप्प राहिली तर मोजमाप स्रावाचेच आहे याची खात्री पटते. शिखर ओळखण्याचा उंबरठा आधाररेषेच्या नॉइजच्या निदान पाचपट ठेवावा आणि प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी वेगळा काढावा, कारण एकाच चिपवरचे दोन शेजारीसुद्धा सारखे नसतात. दोन पदार्थांची तुलना करताना शिखरांच्या सरासरीऐवजी दर पेशीचा मध्यक काढून मग पेशींची तुलना करावी. एखादी उत्साही पेशी दोनशे शिखरे देते आणि सरासरी एकटीच ओढून नेते.

प्रयोग संपल्यावर चिप लगेच शुद्ध पाण्याने धुवावी, पेशी ट्रिप्सिनने सोडवाव्यात, पुन्हा धुवावे, डोपामिनचा आकडा मोजावा आणि वहीतल्या सकाळच्या आकड्याशेजारी लिहावा. तो आकडा सत्तर टक्क्यांच्या खाली गेला तर मी चिप पुन्हा वापरण्याआधी पाचव्या पायरीतली स्वच्छता करतो, आणि दोनदा स्वच्छ करूनही तो वर आला नाही तर चिप बाजूला ठेवून नवी घेतो.